आम्लोपचारातील पूरक रसायने: चुनखडकातील तेलविहिरीत काय मिसळावे आणि काय टाळावे

आपण विचारले आहे की, चुनखडकातील तेलविहिरीत 15 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल सोडून खडक विरघळवणे एवढाच हेतू असेल, तर त्या आम्लात आठ-दहा निरनिराळी रसायने कशासाठी मिसळतात, त्यांपैकी खरोखर आवश्यक कोणती आणि एखादे जास्त पडले तर काय बिघडते. पहिल्या भागाचे थोडक्यात उत्तर असे की, खडक विरघळवण्यासाठी साध्या आम्लाला यांपैकी कोणाचीही मदत लागत नाही. ही रसायने मिसळतात ती आम्लाने खडकापर्यंत जाताना पोलाद खाऊ नये, आणि खडक खाऊन झाल्यावर मागे गाळ, चिखल किंवा घट्ट पायस (तेल व पाण्याचे एकमेकांत घुसळले गेलेले मिश्रण) ठेवू नये म्हणून. दुसऱ्या भागाचे उत्तर असे की, गंजरोधक सर्वत्र अपरिहार्य आहे, लोहनियंत्रक, म्हणजे आम्लातील लोहाचा गाळ होऊ न देणारे रसायन, बहुतेक ठिकाणी लागतो आणि उरलेली यादी त्या विहिरीचे तेल, पाणी आणि पोलाद पाहूनच ठरवावी लागते. तिसऱ्या भागाला सर्वांत जास्त जागा द्यावी लागेल, कारण ही रसायने एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि नेमकी हीच गोष्ट पाठ्यपुस्तकांतील तक्त्यांमध्ये दिसत नाही.

उदाहरण म्हणून मुंबई हायचा चुनखडक घेऊ. मुंबईपासून पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर, 1974 मध्ये सापडलेल्या आणि 1976 पासून उत्पादन देणाऱ्या या क्षेत्रातील बहुतांश तेल मायोसीन काळातील एल-3 नावाच्या चुनखडकाच्या थरातून येते. खोदकामाचा चिखल, दुरुस्तीच्या वेळी वापरलेली द्रावणे आणि पाण्यातून साचलेले क्षार यांमुळे विहिरीलगतच्या काही सेंटीमीटर ते मीटरभर खडकाची पारगम्यता, म्हणजे तेल वाहू देण्याची क्षमता, घटते. तेथे आम्ल सोडल्यावर ते चुनखडकात समान रीतीने न पसरता मोठ्या छिद्रांमधून धावते आणि स्वतःसाठी शाखायुक्त बोगदे कोरते. हे बोगदे बिघडलेला पट्टा ओलांडून निरोगी खडकापर्यंत पोहोचले की काम झाले. हिशेबच मांडायचा तर 15 टक्क्यांचे एक घनमीटर आम्ल सुमारे 220 किलो चुनखडक विरघळवते आणि त्यातून जवळजवळ 97 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जमिनीवरच्या दाबाला सुमारे 50 घनमीटर वायू निर्माण होतो. उरलेल्या द्रावणात दर लिटरला 80 ग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढच्या अनेक अडचणी या कॅल्शियममुळे उद्भवतात.

गंजरोधकाशिवाय या पद्धतीचे काय होते, याचे उत्तर इतिहासातच आहे. स्टँडर्ड ऑइलच्या ओहायोतील लिमा येथील शुद्धीकरण कारखान्याचे रसायनतज्ज्ञ हर्मन फ्राश यांनी हायड्रोक्लोरिक आम्लाने चुनखडकातील विहिरी उघडण्याच्या पद्धतीचे पेटंट 1896 मध्ये घेतले. उत्पादन वाढले, परंतु नळ्या खाल्ल्या गेल्या आणि पद्धत जवळजवळ विस्मृतीत गेली. 1932 मध्ये मिशिगन राज्यात डाऊ केमिकलने प्युअर ऑइलच्या एका विहिरीत आम्लाबरोबर आर्सेनिकचे संयुग गंजरोधक म्हणून वापरले आणि तेथून आजचा आम्लोपचार सुरू झाला. आर्सेनिकने पोलाद वाचवले, पण ते विषारी होते आणि तेलाबरोबर शुद्धीकरण कारखान्यात पोहोचून तेथील उत्प्रेरक निकामी करीत असे, म्हणून पुढे सेंद्रिय गंजरोधक आले. एका ठिकाणचा उपाय दुसऱ्या ठिकाणी उपद्रव होतो, हा या विषयाचा स्वभाव पहिल्या गंजरोधकापासूनच दिसतो.

आजचे गंजरोधक बहुधा प्रोपार्जिल अल्कोहोलसारखी ॲसिटिलीन गटाची अल्कोहोले, चतुष्क अमोनियम क्षार, सिनामाल्डिहाइड आणि विद्रावक यांचे मिश्रण असतात. ते आम्लाची तीव्रता कमी करीत नाहीत. पोलादाच्या पृष्ठभागावर चिकटून एक पातळ थर तयार करतात. तापमान वाढले की थर सुटू लागतो, म्हणून शंभर अंश सेल्सिअसच्या पुढे त्यांना पोटॅशियम आयोडाइड किंवा फॉर्मिक आम्लासारख्या तीव्रकाची जोड द्यावी लागते. आयोडाइड पोलादावर आधी बसते आणि धनभारित गंजरोधकाला तेथे धरून ठेवते. मान्य मर्यादा बहुधा अशी धरतात की, आम्ल संपर्कात असेल त्या संपूर्ण काळात पोलादाचे नुकसान चौरस फुटाला 0.05 पौंडापेक्षा, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 245 ग्रॅमपेक्षा जास्त होऊ नये. समान रीतीने झिजले तर ही जाडी 0.03 मिलिमीटर एवढीच भरते आणि तिची भीती बाळगण्याचे कारण नाही. भीती खड्ड्यांची असते. म्हणून प्रयोगशाळेच्या अहवालात केवळ वजनातील घट पाहून समाधान मानू नये. तुकड्यावर खड्डे किती व कसे पडले याची नोंद मागून घ्यावी. 13 टक्के क्रोमियमच्या नळीसाठी साध्या कार्बन पोलादावर केलेली चाचणी निरुपयोगी असते, हेही येथेच सांगितले पाहिजे, कारण क्रोमियमयुक्त पोलाद हायड्रोक्लोरिक आम्लात कार्बन पोलादापेक्षा लवकर हार मानते.

गंजरोधकाबाबत दोन गोष्टी व्यवहारात वारंवार आडव्या येतात. पहिली म्हणजे, अनेक गंजरोधक आम्लात विरघळत नाहीत, केवळ विखुरतात. टाकीत आम्ल रात्रभर स्थिर राहिले तर ते वर तरंगतात किंवा भिंतीला चिकटतात, आणि मग पंपातून आधी जवळजवळ उघडे आम्ल जाते व शेवटी गंजरोधकाचा लोट जातो. म्हणून पंप सुरू करण्यापूर्वी टाकीतील आम्ल पुन्हा फिरवून घ्यावे आणि वरचा व खालचा असे दोन नमुने पाहावेत. समुद्रातील कामात, जहाज हवामानासाठी थांबून राहते तेव्हा, या नियमाला सूट देऊ नये. दुसरी गोष्ट अशी की, पोलादावर चिकटणारे रसायन खडकावरही चिकटते आणि त्याला तेलाने भिजणारा बनवू शकते. त्यामुळे सुरक्षिततेच्या नावाखाली मात्रा दुप्पट करणे हे निरुपद्रवी पाऊल नाही. चाचणीने 1 टक्का पुरेसा दाखवला असेल, तर 2 टक्के घालण्यासाठी कारण द्यावे लागेल.

आता लोहाकडे येऊ, कारण माझ्या मते अपयशी आम्लोपचारांमध्ये लोहाचा वाटा जेवढा असतो तेवढा क्वचितच कबूल केला जातो. आम्लात लोह तीन ठिकाणांहून येते: बाजारातील 30 ते 33 टक्क्यांच्या कच्च्या आम्लातून, ज्याचा पिवळसर रंग हीच लोहाची खूण असते, नळीच्या आतील गंजातून, आणि काही ठिकाणी खडकातील सिडेराइट किंवा पायराइटसारख्या खनिजांतून. आम्ल ताजे असते तोपर्यंत सर्व लोह विरघळलेले असते आणि कोणालाही त्रास देत नाही. चुनखडकात आम्ल खर्ची पडले की पीएच 4 ते 5 च्या आसपास पोहोचतो. फेरिक, म्हणजे त्रिसंयुजी लोह, पीएच 2 च्या पुढे जेलसारख्या हायड्रॉक्साइडच्या रूपात अवक्षेपित होऊ लागते, तर फेरस, म्हणजे द्विसंयुजी, लोह पीएच 7 च्या पुढे जाईपर्यंत विरघळलेलेच राहते. खर्ची (वापरून संपलेले) आम्ल 7 पर्यंत पोहोचत नाही, म्हणून फेरस लोहाची चिंता सहसा करावी लागत नाही आणि ‘एकूण लोह अमुक इतके’ असा अहवाल फारसे काही सांगत नाही. त्यातील फेरिक किती, हे विचारावे. धातुरूप पोलाद स्वतःच फेरिकचे फेरसमध्ये रूपांतर करते, त्यामुळे विहिरीत खाली फेरसचे प्रमाण वरचढ असते. परंतु नळीला गंजाचे जाड कवच असेल, तर आम्लाचा पहिला भाग फेरिकने भरूनच खडकात शिरतो. आम्लाचा हाच भाग सर्वांत खोल जातो, हे दुर्दैव.

यावर माझे ठाम मत असे आहे की, लोहाला रसायनाने आवर घालण्याआधी ते आत जाऊच देऊ नये. मुख्य उपचारापूर्वी नळीत गंजरोधक मिसळलेल्या सौम्य आम्लाचा छोटा हप्ता सोडून, तो खडकाकडे उघडणाऱ्या नळीतील छिद्रांच्या वर थांबवून पुन्हा बाहेर काढण्याला पिकलिंग म्हणतात. कॉइल्ड ट्युबिंगमधून, म्हणजे रिळावर गुंडाळलेल्या लवचीक पोलादी नळीतून, आम्ल सोडणार असाल तर कॉइलचेही पिकलिंग करावे लागते. त्यासाठी काही तास जातात, जहाजाचे भाडे चालू राहते आणि नियोजनाच्या बैठकीत कात्री लागते ती प्रथम याच पायरीला. ती वाचवून आम्लात लोहनियंत्रक वाढवणे हा हिशेब कागदावर स्वस्त दिसतो. परंतु वाढीव लोहनियंत्रकाचे स्वतःचे दुष्परिणाम असतात.

ते असे. सायट्रिक आम्ल स्वस्त आहे आणि फेरिक लोहाला उत्तम धरून ठेवते, परंतु आवश्यकतेपेक्षा जास्त घातले तर खर्ची आम्लातील विपुल कॅल्शियमशी संयोग होऊन कॅल्शियम सायट्रेटचा गाळ बनतो. म्हणजे लोहाचा गाळ टाळण्यासाठी दुसरा गाळ पदरात पडतो. लोह धरून ठेवणारे दुसरे रसायन ईडीटीए कॅल्शियमच्या बाबतीत अधिक सुरक्षित आहे, पण तीव्र आम्लात त्याची विद्राव्यता कमी असल्याने हवे तेवढे घालता येत नाही. त्याच गटातील एनटीए त्या मानाने सोयीचे आहे. एरिथॉर्बिक आम्ल किंवा त्याचा सोडियम क्षार फेरिकला धरून ठेवत नाही, तर त्याचे फेरसमध्ये क्षपण करतो, आणि मुंबई हायसारख्या कमी गंधकाच्या तेलाच्या क्षेत्रात मला हा मार्ग सर्वांत सरळ वाटतो. समुद्रातील वसई क्षेत्राच्या वायूत मात्र हायड्रोजन सल्फाइड असते, म्हणूनच तो हजिरा येथे शुद्ध करावा लागतो. अशा विहिरीत केवळ क्षपण करून भागत नाही. फेरिक लोह हायड्रोजन सल्फाइडला भेटले की मूलद्रव्यरूप गंधक वेगळे होते, आणि फेरस लोहदेखील पीएच 2 च्या जवळपास सल्फाइडच्या रूपात खाली बसू लागते. तेथे लोह धरून ठेवणारे रसायन आणि सल्फाइडला बांधून ठेवणारे रसायन अशी जोडी लागते, गंजरोधकही सल्फाइडच्या उपस्थितीत तपासलेला लागतो आणि पिकलिंग टाळण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही.

पायसभंजक (पायस तोडणारे रसायन) आणि इतर पृष्ठक्रियाशील, म्हणजे साबणासारख्या, रसायनांचा प्रश्न तेलाच्या स्वभावावर अवलंबून असतो. मुंबई हायचे तेल हलके, कमी गंधकाचे आणि मेणयुक्त आहे. आम्ल आणि तेल एकत्र घुसळले गेले की पायस बनते, आणि खडकाचे बारीक कण किंवा मेणाचे स्फटिक त्या थेंबांच्या कडेला बसले की ते तुटता तुटत नाही. मेणाबाबत एक गोष्ट सहज विसरली जाते: जहाजावरील आम्ल तीस अंशांच्या आसपास असते आणि ते मोठ्या प्रमाणात आत गेले की विहिरीलगतचा खडक तात्पुरता थंड होतो, त्यामुळे तेथील तेलातले मेण सुटू शकते. यावर आम्लात आणखी एक रसायन मिसळण्यापेक्षा आम्लाच्या पुढे झायलीन या विद्रावकाचा एक हप्ता सोडणे अधिक परिणामकारक ठरते, कारण तो तेल मागे ढकलतो आणि खडकावरील सेंद्रिय थरही काढतो, ज्यामुळे आम्लाला खडक स्पर्शासाठी मोकळा मिळतो.

अस्फाल्टीनयुक्त, म्हणजे डांबरासारखे जड घटक असलेल्या, जड तेलाच्या विहिरीत चित्र पालटते. तेथे तीव्र आम्ल, विशेषतः 28 टक्क्यांचे, तेलाला भेटताच काळा, चिकट चिखल तयार होतो आणि फेरिक लोह त्यात कित्येक पटींनी भर घालते. त्यासाठी डोडेसिलबेंझीन सल्फोनिक आम्लासारखे चिखलरोधक वापरतात. हे रसायन ऋणभारित आहे. गंजरोधकातील चतुष्क अमोनियम धनभारित. दोन्ही एकाच टाकीत अविचाराने ओतले तर ती एकमेकांशी जुळून बाहेर पडतात आणि पोलादही उघडे पडते, चिखलही थांबत नाही. परदेशातील जड तेलासाठी तयार झालेली यादी हलक्या, मेणयुक्त तेलासाठी जशीच्या तशी उचलल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. तीत चिखलरोधक असतो केवळ आधीच्या यादीत होता म्हणून. चाचणी सोपी आहे: विहिरीचे ताजे तेल आणि सर्व रसायनांसह आम्ल, त्यात अपेक्षेइतके फेरिक लोह घालून, खडकाच्या तापमानाजवळ एकत्र ढवळावे, वेगळे होण्यास लागणारा वेळ मोजावा आणि मिश्रण 100 मेशच्या (बारीक जाळीच्या) चाळणीतून ओतावे. हीच चाचणी खर्ची आम्लावरही करावी. चाळणीवर काही राहिले तर यादी बदलावी लागेल. लोह न घालता केलेली ही चाचणी मी ग्राह्य धरत नाही.

एथिलीन ग्लायकॉल मोनोब्युटिल ईथरसारखे, तेल व पाणी या दोघांतही मिसळणारे विद्रावक हा विक्रेत्यांचा आवडता पदार्थ. खडक पाण्याने भिजणारा ठेवण्यास ते उपयुक्त आहे, याबद्दल वाद नाही; पण ते आम्लात 10 टक्क्यांपर्यंत मिसळले तर पोलादावरील गंजरोधकही धुऊन नेते. म्हणून गंजाची चाचणी नेहमी अंतिम मिश्रणावर करावी, नुसत्या आम्ल-गंजरोधकाच्या मिश्रणावर नव्हे. शक्य तेव्हा हे विद्रावक मुख्य आम्लात न घालता मागून सोडण्याच्या द्रावणात घालावे.

यापेक्षा उघड विरोध दिसतो तो आम्लाला वळवणाऱ्या किंवा मंदावणाऱ्या रसायनांत. लांब आडव्या विहिरीत आम्ल आधीच मोकळ्या असलेल्या भागात, पुष्कळदा पाण्याच्या भागात, पळते. त्याला रोखण्यासाठी पॉलिमरचे असे आम्ल वापरतात जे पीएच 2 च्या आसपास घट्ट जेल बनते आणि पुढे 4 च्या आसपास पुन्हा पातळ होते. त्यातील बांधणी करणारा धातू काही पद्धतींत फेरिक लोहच असतो. आता त्याच टाकीत सवयीने सायट्रिक आम्ल किंवा एरिथॉर्बेट पडले, तर एक त्या लोहाला पकडून ठेवील, दुसरे त्याचे फेरस करील, आणि जेल बनणारच नाही. हायड्रोजन सल्फाइड असलेल्या विहिरीत तेच लोह सल्फाइड होऊन गाळ बनते, म्हणून तेथे झिर्कोनियमची पद्धत किंवा पॉलिमरविरहित, पृष्ठक्रियाशील रसायनाने घट्ट होणारे आम्ल निवडावे. तसेच 70 भाग आम्ल आणि 30 भाग डिझेल यांचे पायसरूप आम्ल, जे उष्ण चुनखडकात सावकाश खर्ची पडून खोल जाते, त्यात पायसभंजक घालणे म्हणजे मूळ हेतूवरच पाणी सोडणे. तरीही छापील यादीत पायसभंजक असतो आणि कोणीतरी तो ओततो. अशा कामात पायसभंजकाची जागा मागून जाणाऱ्या द्रावणात असते.

रसायनांच्या चर्चेत पाण्याचा विचार मागे पडतो, म्हणून त्याचा स्वतंत्र उल्लेख करतो. समुद्रात गोडे पाणी महाग असते आणि कच्चे आम्ल समुद्राच्या पाण्याने पातळ करण्याचा मोह होतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असते आणि खर्ची आम्लातील कॅल्शियमचा आकडा वर दिलाच आहे; दोन्ही एकत्र आल्यावर कॅल्शियम सल्फेट बाहेर पडते आणि ते हायड्रोक्लोरिक आम्लात सहज विरघळत नाही, म्हणजे पुन्हा आम्ल सोडून ही चूक धुता येत नाही. मुंबई हायच्या खडकाचा दाब टिकवण्यासाठी समुद्राचेच पाणी आत सोडतात, त्यामुळे पाणी सोडणाऱ्या विहिरींच्या आम्लोपचारात आम्लाच्या पुढे व मागे सल्फेटविरहित पाण्याचा पुरेसा हप्ता ठेवणे अत्यावश्यक आहे. क्षार साचू न देणारे क्षाररोधक रसायन हा त्याला पर्याय नाही.

वाळूखडकाबाबत आपण विचारलेले नाही, म्हणून थोडक्यात. अंकलेश्वरसारख्या वाळूखडकाच्या क्षेत्रात हायड्रोफ्लोरिक आम्लाचे मिश्रण लागते, आणि त्याच्या आधी व नंतर अमोनियम क्लोराइडचे द्रावण वापरतात. सोडियम किंवा पोटॅशियमचे क्षार तेथे चालत नाहीत, कारण फ्लुओसिलिकेटचा गाळ बनतो. चुनखडकात मात्र हायड्रोफ्लोरिक आम्लच वर्ज्य, कारण कॅल्शियम फ्लुओराइड तत्काळ छिद्रे बुजवते. वाळूखडकाची यादी चुनखडकाला, किंवा उलट, लावता येत नाही.

तेव्हा मुंबई हायच्या चुनखडकातील, कार्बन पोलादाची नळी असलेल्या साध्या उभ्या विहिरीसाठी मी काय सुचवीन? झायलीनचा पुढचा हप्ता. पिकलिंग झालेली नळी. गोड्या पाण्याने पातळ केलेले 15 टक्के आम्ल. विहिरीच्या तळाच्या तापमानाला आणि प्रत्यक्ष संपर्काच्या काळासाठी तपासलेला गंजरोधक, गरज असल्यास तीव्रकासह. मोजलेल्या फेरिकच्या प्रमाणात एरिथॉर्बेट. आणि तेलाच्या चाचणीत गरज दिसली तरच एक पायसभंजक. याखेरीज प्रत्येक रसायनासाठी, ते काढून टाकले तर चाळणीच्या किंवा गंजाच्या चाचणीत काय बदलते, हे दाखवण्याची जबाबदारी ते सुचवणाऱ्यावर टाकावी.

आम्ल सोडून झाल्यावर विहीर शक्य तितक्या लवकर वाहती करावी, कारण खर्ची आम्ल आत जेवढे थांबते तेवढा गंजरोधकाचा थर क्षीण होतो. मुंबई हायमधील बहुतेक विहिरी गॅस लिफ्टवर, म्हणजे नळीत वायू सोडून तेल वर उचलण्याच्या पद्धतीवर, चालत असल्याने हे काम वेगळा नायट्रोजन न सोडताही पुष्कळदा साधते. परतणाऱ्या द्रावणाचे पहिले हप्ते उत्पादनाच्या विभाजकात (तेल, पाणी व वायू वेगळे करणाऱ्या टाकीत) थेट न सोडता सोडा ॲशने उदासीन करावेत; पायस आणि पृष्ठक्रियाशील रसायने तेलाबरोबर किनाऱ्यावरील उरणच्या प्रक्रिया केंद्रापर्यंत गेली तर तेथे पाणी वेगळे होणे अवघड होते. प्रत्येक हप्त्याचा पीएच, फेरिक व एकूण लोह, कॅल्शियम आणि पायसाचे प्रमाण मोजून ठेवावे. पीएच 1 च्या खाली असलेले द्रावण बराच वेळ येत राहिले, तर आम्ल खडकात खर्चीच पडले नाही, म्हणजे ते बहुधा आधीच कोरलेल्या एखाद्या मोठ्या वाटेने पळाले किंवा तेलाच्या थराआड राहिले असे समजावे. पहिल्याच हप्त्यात लोह खूप आणि कॅल्शियम कमी दिसले, तर ते नळीतून आलेले आहे, आणि समुद्रातील त्याच फलाटावरील (प्लॅटफॉर्मवरील) पुढच्या विहिरीसाठी लोहनियंत्रक न वाढवता पिकलिंगच्या आम्लाचा हप्ता मोठा ठेवावा.